दस्तनोंदणीची फी आणि जुनीं दप्तरें

केंद्र सरकारच्या भूमिसंसाधन खात्यानें सन २०२५ च्या मे महिन्यांत दस्तनोंदणीच्या नव्या कायद्याचा मसुदा लोकांपुढें ठेविला व त्यावर सूचना मागविल्या. ता. १ जानेवारी १९०९ पासून अमलांत आलेल्या सन १९०८ च्या १६ व्या कायद्याची जागा या मसुद्यानें घ्यावी असा त्यांतील हेतु आहे. दस्त संगणकामार्फत दाखल व्हावा, कबुलीही त्याच मार्गानें घेतां यावी, साठेखत व मुखत्यारपत्र यांसारख्या कागदांची नोंदणी सक्तीची व्हावी, अशा तरतुदी त्यांत घातल्या आहेत. त्याआधीं सन २०२४ च्या आक्टोबरांत महाराष्ट्र सरकारनें कित्येक दस्तांवरील मुद्रांक १०० रुपयांऐवजीं ५०० रुपयांचा केला होता. या दोन्ही गोष्टींविषयीं वकील, दलाल व घरें बांधणारे यांनीं पुष्कळ लिहिलें. जुन्या कागदांचा ज्यांस नाद आहे त्यांच्या बाजूनें मात्र कोणी कांहीं बोललेलें आमच्या वाचनांत नाहीं. कायदा नवा झाला कीं फीचें कोष्टकही नव्यानें मांडण्याची वेळ येते, आणि हें कोष्टक आमच्या व्यवसायाच्या अगदीं मुळाशीं भिडणारें आहे. म्हणून सार्वजनिक दस्त नोंदविण्याबद्दल आपल्या प्रांतांत पूर्वीं काय घेतलें जाई, कोण घेई, आणि त्या घेण्याचा परिणाम आज आपल्या हातीं येणाऱ्या कागदांवर कसा झाला, याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करूं. दस्ताच्या बाबतींत माणसास तीन ठिकाणीं पैसा द्यावा लागतो : दस्त करण्याबद्दल, त्याची नोंद ठेवण्याबद्दल, आणि ठेविलेली नोंद पुढें कोणी पाहूं लागल्यास ती दाखविण्याबद्दल. पहिला आकार आज मुद्रांकाच्या रूपानें वसूल होतो. तो कर आहे. दुसरा व तिसरा या फिया आहेत. कर व फी यांतील अंतर सर्वोच्च न्यायालयानें शिरूर मठाच्या सन १९५४ च्या निकालांत सांगितलें आहे. फी घेतली तर तिच्या मोबदल्यांत कांहीं सेवा घडली पाहिजे, हा त्याचा मथितार्थ. सामान्य माणसास हे तिन्ही आकार एकच वाटतात, कारण ते एकाच कचेरींत द्यावे लागतात. पण इतिहासाच्या दृष्टीनें तिघांचे परिणाम निरनिराळे आहेत, आणि जुन्या काळीं ते वसूल करणारे हातही निरनिराळे होते.

आदिलशाही व निजामशाही अमलांतील मराठी खुर्दखतें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस त्यांच्या अखेरचें एक कलम तोंडपाठ असतें. दर साल ताज्या खुर्दखताचा उजूर करूं नये, तालीक लिहून घेऊन असल परतून द्यावें, असा त्याचा आशय. शिवकालीन व पेशवेकालीन सनदांतून हेंच कलम संस्कृत वळणाच्या भाषेंत येतें : प्रतिवर्षीं नूतन पत्राचा आक्षेप न करितां या पत्राची प्रति लिहून घ्यावी व मूळ पत्र भोगवटियास परतून द्यावें. हें कलम इतक्या वेळां येतें कीं छापणारे ते गाळून 'वगैरे' असें लिहूं लागले, व वाचणारेही त्यावरून नजर सरकवितात. आमच्या मतें संपूर्ण दस्तव्यवहाराची किल्ली या दीड ओळींत आहे.

पत्र ज्यांस उद्देशून असे ते वर्तमान व भावी देशाधिकारी, परगण्याचे देशमुख-देशपांडे, गांवचे मोकदम व कुळकर्णी असत. इनामदार अस्सल पत्र घेऊन या प्रत्येकाच्या दारीं जाई. तेथें तालीक उतरून घेतली जाई. अस्सल त्याच्या हातीं परत येई. अर्थात् नोंद ठेवण्याचें काम एका कचेरींत एकवटलेलें नव्हतें. एकाच सनदेच्या तीन-चार तालिका तीन-चार दप्तरांत राहात, आणि मूळ कागद घरच्या रुमालांत. राजवाड्यांनीं सन १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' हे खंड काढण्यास आरंभ केला तेव्हां त्यांस गांवोगांवच्या वाड्यांतून व माळ्यांवरून जें घबाड मिळालें, त्याचें कारण पुष्कळ लोक आपल्या पूर्वजांच्या चिकाटींत शोधतात. चिकाटी खरीच, पण त्याआधीं अस्सल परत देण्याचा सरकारी हुकूम होता, हें विसरूं नये.

याच्या उलट रीत पाहावयाची असल्यास दूर जावें लागत नाहीं. गोव्यांत पोर्तुगीज अमलाखालीं नोटरीच्या बुकांतच मूळ दस्त लिहिला जाई व पक्षकारांस त्याची प्रमाणित नक्कल मिळे. अस्सल सरकारापाशीं, नक्कल घरीं. गोव्याच्या पुराभिलेखागाराचा आरंभ सन १५९५ चा असून दियोगो दो कौतो हा त्याचा पहिला रक्षक. तेथील संशोधकास घरोघर हिंडावें लागत नाहीं. इकडील संशोधकास हिंडल्यावांचून गत्यंतर नाहीं. कोणती रीत चांगली हा वाद येथें नको. वाळवी दोहोंकडे सारखीच.

आतां या तालिकेचा मोबदला काय? देशपांडे-कुळकर्णी यांस त्यांच्या लेखनाबद्दल हक्क, लाजिमे व इनाम जमिनी असत. वतन हाच त्यांचा पगार. नग मोजून दर कागदामागें अमुक घ्यावें अशी रीत या व्यवस्थेच्या गाभ्यांत नव्हती. प्रत्यक्षांत कारकुनाच्या हातावर कांहीं ठेविल्याशिवाय तालीक उतरत नसेल, हें कबूल. मनुष्यस्वभाव तेव्हांही हाच होता. पण म्हणूनच 'दर साल ताज्या पत्राचा उजूर न करणें' या शब्दांकडे आम्ही लक्ष वेधितों. जुनें पत्र चालणार नाहीं, नवें आण, असें म्हणण्याची मुभा स्थानिक अंमलदारास राहिली असती, तर दर वर्षीं नव्या पत्राच्या निमित्तानें इनामदाराच्या पिशवींत हात घालण्याचीही मुभा राहिली असती. ती बंद करण्यासाठीं हें कलम घातलें गेलें असावें असा आमचा तर्क आहे. हा तर्क बरोबर असेल, तर नोंदणीच्या खर्चाला वरून घातलेली मर्यादा आपल्या प्रांतांत तीन-चारशें वर्षांची तरी जुनी ठरते.

ही मर्यादा स्थानिक अंमलदारांपुरती होती, धन्यापुरती नव्हती. गादीवर नवा धनी आला, वतनदार मरून मुलगा वारस झाला, किंवा वतनाचा तंटा निकालांत निघाला, म्हणजे सरकारांत नजर भरून पत्र नवें करून घ्यावें लागे. तंट्यांत जिंकणाऱ्यानें हरकी व हरणाऱ्यानें गुन्हेगारी द्यावयाची. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं सन १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला त्यांत या दोन्ही बाबी त्यानें मुद्दाम नमूद केल्या आहेत. इंग्रज लेखकांनीं पुढें यांस लांच म्हणून हिणविलें, व आपल्याकडील कित्येकांनीं तें खालच्या मानेनें ऐकूनही घेतलें. आम्हांस तें पटत नाहीं. लांच लपवून घेतात. हरकी निवाडापत्रांत व जमाखर्चांत उघड लिहिली जाई. तिची रक्कम पक्षकाराच्या ऐपतीवर व वतनाच्या मोलावर ठरे, कागदाच्या लांबीवर नव्हे, एवढा दोष तींत जरूर काढतां येईल. संग्राहकांस मात्र हा आकडा फार उपयोगी. निवाडापत्र त्रुटित असेल आणि हरकीची जमा दुसऱ्या दप्तरांत सांपडली, तर निकाल कोणाच्या बाजूनें लागला हें त्यावरून सांगतां येतें.

शहरांत रीत थोडी निराळी होती. पुण्याच्या कोतवालाच्या कामांत पेठांतील तंटे तोडणें, बाजारभावांवर नजर ठेवणें यांबरोबर जागांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणें हेंही एक काम होतें. घाशीरामाच्या नांवानें आज फक्त सन १७९१ चें हत्याकांड आठवतें. पण चौदा वर्षें तो ज्या चावडीचा मालक होता ती एका अर्थीं पुण्याची नोंदणी-कचेरीही होती. देहातांत हें काम गोतानें केलें. महजरावर पाटलाचा नांगर, सुताराचें व इतर बलुत्यांचीं हत्यारें, देशमुख-देशपांड्यांचे शिक्के, अशा निशाण्या असत. त्या साक्षी होत्याच, शिवाय नोंदही होत्या. ज्यानें निशाणी केली तो जिवंत असेतों त्याच्या स्मरणांत तो दस्त राही.

येथें संग्राहकांशीं थोडें भांडणें प्राप्त आहे. शिक्का नसलेली सनद दिसली कीं ती 'नुसती नक्कल' म्हणून बाजूस टाकण्याची खोड आपल्यापैकीं पुष्कळांस आहे. तालिकेंत शिक्क्याच्या जागीं 'शिक्का' एवढा शब्द किंवा शिक्क्यांतील मजकूर अक्षरांनीं लिहिलेला असतो, खालीं मोर्तबाचा उल्लेख असतो, आणि कित्येकदां 'नक्कल असल बरहुकूम' असा शेरा असतो. असा कागद इनामदाराच्या घरीं न सांपडतां देशपांड्यांच्या किंवा कुळकर्ण्यांच्या दप्तरांत सांपडला, तर ती खासगी नक्कल नव्हे. तीच त्या सनदेची स्थानिक सरकारी नोंद होय. पाठीमागील 'रुजू', 'सुरू सूद', 'बार सूद' हे शेरेही असेच. कागद कोणकोणत्या दप्तरांतून फिरून नोंदला गेला याची ती पावतीच म्हणावयाची. शिक्क्याची छबी पाहून किंमत देणारे व शेऱ्यांचें पान चिकटवून टाकणारे संग्राहक आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनीं निदान डिंक तरी पाठीमागच्या बाजूस लावूं नये.

कंपनी सरकारच्या अमलांत ही विखुरलेली नोंद एका जागीं आणण्याचा यत्न सुरू झाला. बंगाल्यांत सन १७९३ चा ३६ वा कानू, मुंबईंत सन १८०२ चा ४ था व पुढें सन १८२७ चा ९ वा, हे त्याचे प्रारंभींचे टप्पे. ही नोंदणी लोकांच्या खुषीवर होती. सबंध हिंदुस्थानास लागू असा पहिला कायदा सन १८६४ चा. त्यानंतर १८६६, १८७१, १८७७ व १९०८ असे एकामागून एक कायदे आले. स्थावराची किंमत १०० रुपये किंवा अधिक असल्यास नोंदणी सक्तीची, त्याखालीं ऐच्छिक, ही मर्यादा त्या काळापासूनची आहे. मुद्रांकाचे शंभर रुपये सन २०२४ मध्यें पांचशें झाले. नोंदणीच्या मर्यादेचे शंभर मात्र १९०८ च्या कायद्यांत जागचे हलले नाहींत.

या शंभराचा इतिहास कागदांवर उमटला आहे. मालमत्ता-हस्तांतरणाचा सन १८८२ चा कायदा मुंबई इलाख्यांत ता. १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. शंभर रुपयांखालील स्थावर नुसत्या कबजानेंही विकतां येईल असें त्यांत होतें. तेव्हां नव्याण्णव रुपयांचें खरेदीखत ही एक स्वतंत्र जातच जन्मास आली. जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या रुमालांत ती हटकून भेटते. अशा खतावरील किमतीवरून त्या वर्षीं त्या गांवीं बिघ्यास काय भाव होता असें अनुमान काढणाऱ्यानें दोनदां विचार करावा. नव्याण्णव हा जमिनीचा भाव नसून नोंदणीची फी, तालुक्याची खेप व कचेरीबाहेरील लेखकाची दक्षिणा वांचविण्याचा भाव असण्याचा संभव अधिक. उलट सन १८६६ च्या कायद्यांत खास नोंदणी केलेल्या कर्जरोख्यावर लांबलचक दाव्यावांचून झटपट हुकूमनामा मिळण्याची सोय होती, ती १८७१ च्या कायद्यांत राहिली नाहीं. तेवढ्या पांच वर्षांत सावकारानें फी आनंदानें भरली असल्यास नवल नाहीं. ती त्यास स्वस्तच पडत होती.

याचें फळ सन १८७५ मध्यें दिसलें. भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें ता. १२ मे रोजीं बाजाराच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या दुकानांवर गेले. पुणें व नगर जिल्ह्यांत त्यानंतर पसरलेल्या या दंग्यांत मारहाणीपेक्षां रोखे, खतें व हुकूमनामे हिसकून जाळण्यावर लोकांचा भर होता. कागद जळला कीं कर्ज जळलें, हा त्यांचा हिशेब. तो अर्धाच खरा होता. ज्या दस्ताची नोंद झाली होती त्याची प्रत कचेरीच्या बुकांत सुखरूप होती. जो बिननोंदीचा तो कायमचा गेला. त्या मुलुखांतील त्या काळच्या सावकारी दप्तरांत आज जी फट दिसते ती सर्वत्र सारखी नाहीं याचें एक कारण हें आहे. कोणता कागद आगींतून वांचावा हें फी भरण्या-न भरण्यानें आधींच ठरून गेलें होतें.

दंग्यांची चौकशी होऊन सन १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, झाला. तो ता. १ नोव्हेंबर १८७९ पासून सुरू झाला, व त्यांतील बहुतेक कलमें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरतीं होतीं. या कायद्याच्या व्याजविषयक कलमांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमच्या विषयास लागू असा त्यांतील गांव-रजिस्ट्रारांचा भाग मात्र उपेक्षित राहिला. तालुक्याच्या कचेरींत जाण्याचें कष्ट व खर्च कुळास झेपत नाहींत, म्हणून नोंदणीच गांवाजवळ न्यावयाची, अशी ती योजना. गांव-रजिस्ट्रार नेमलेल्या टापूंतील शेतकऱ्यानें कर्जाचा दस्त करून दिला, तर तो त्या रजिस्ट्रारानें स्वतः लिहिलेला किंवा त्याच्या देखरेखीखालीं लिहिला गेलेला असून त्यावर त्याची साक्ष पाहिजे. नाहींतर तो पुराव्यांत घ्यावयाचा नाहीं. रजिस्ट्रारानें आधीं पक्षकारांची ओळख पटवावी, ठरलेली फी व मुद्रांक घ्यावा, दस्त लिहावा, मोठ्यानें वाचून दाखवावा, कबूल झाल्यावर सह्या घ्याव्या. मग त्याची प्रत आपल्या बुकांत उतरून अस्सल ज्याचें त्यास द्यावें, आणि दुसऱ्या पक्षकारास प्रमाणित नक्कल द्यावी. दोहोंवर नोंदणीची तारीख, रजिस्ट्रारचें नांव व ठिकाण, आणि बुकाचा व पानाचा आंकडा घालावा.

अस्सल परत, प्रत दप्तरांत : आदिलशाही खुर्दखतांतील दीड ओळच ही, फक्त इंग्रजी कायद्याच्या अंगरख्यांत. फरक पडला तो दोन बाबतींत. तालीक घेणारा वतनदार होता व त्याचें पोट वतनावर भरत होतें. हा रजिस्ट्रार दस्तागणिक फी घेणारा होता. दुसरा फरक आमच्या दृष्टीनें मोठा. जुन्या रीतींत पत्र ज्याच्या लाभाचें त्याच्याच घरीं कागद राही. नव्या रीतींत ज्यानें कर्ज घेतलें त्या कुळाच्या घरींही, त्यास वाचतां येवो वा न येवो, सरकारी शेऱ्याची नक्कल पोहोंचली. कुणब्याच्या घरीं पाटीलकीचा कागद असे, पण त्याच्या स्वतःच्या देण्याघेण्याचा कागद त्याच्या फडताळांत असणें ही तेव्हां नवलाई होती. कर्जाची फेड झाल्यावर पावती द्यावी, मागितल्यास सालाचा हिशेब द्यावा, अशीं कलमेंही त्याच कायद्यांत आहेत. या चार जिल्ह्यांतील शेतकरी घराण्यांतून सन १८८० च्या पुढील कागद जास्त मिळतात अशी संग्राहकांची जी साधारण समजूत आहे तिचा उगम येथें शोधावा.

कायद्यास बगल देणारेही होतेच. कर्जाचा दस्त केला तर न्यायाधीश मागचा सगळा हिशेब उकरून काढतो, हें कळल्यावर सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेऊं लागले. तोंडी करार मात्र पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचा. अखेर खरेदीखत हें वस्तुतः गहाण होतें असें तोंडी पुराव्यानें दाखविण्याची मुभा देणारें १०-अ हें कलम त्या कायद्यांत घालावें लागलें. तेव्हां या टापूंतील त्या काळच्या प्रत्येक खरेदीखतास खरेदीखत समजून घराण्याची जमीन अमुक सालीं गेली असें लिहून मोकळें होणें धोक्याचें आहे. ताबा कोणाकडे राहिला, सारा कोणाच्या नांवें भरला गेला, हें गांवनमुन्यांवरून ताडून पाहिलें पाहिजे. पुढें सन १९३९ व १९४७ च्या कर्जनिवारणाच्या कायद्यांनीं हा जुना कायदा मागें सारला.

यानंतर तिसऱ्या आकाराकडे, म्हणजे पाहण्याच्या फीकडे, वळूं. १९०८ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणें फी भरल्यावर पहिलें व दुसरें बुक, आणि पहिल्याची सूची, कोणासही पाहतां येते. पहिल्या बुकांत स्थावराचे दस्त असतात, दुसऱ्यांत नोंदणी नाकारल्याचीं कारणें. तिसरें बुक मृत्युपत्रांचें. मृत्युपत्र करणारा वारल्यावर त्यांतील नोंदीची नक्कल कोणीही मागावी. चौथें बुक किरकोळ दस्तांचें, आणि साधा कर्जरोखा त्यांत येतो. या बुकांतील नक्कल दस्त करून देणाऱ्यास किंवा त्याखालीं हक्क सांगणाऱ्यासच मिळते. शोधही नोंदणी-अंमलदारानेंच घ्यावयाचा. यास वर्षांची मर्यादा कोठेंच घातलेली नाहीं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वींच्या कर्जबाजारी कुणब्याचा रोखा, जो समजून घेतल्यावांचून दख्खनच्या शेतीचा इतिहास लिहितां येणार नाहीं, तो त्याचा वंशज किंवा सावकाराचा वंशज नसलेल्या संशोधकास फी भरूनही पाहतां येत नाहीं. सरकारी दप्तरांविषयींच्या सन १९९३ च्या केंद्रीय कायद्यांत तीस वर्षांहून जुने व गोपनीय नसलेले कागद राष्ट्रीय अभिलेखागारांत संशोधकांस खुले करण्याची तरतूद आहे. राज्यकारभाराचे कागद तीस वर्षांनीं उघडावे व रोख्यांचें बुक कधींच उघडूं नये, यांतील मर्म आमच्या ध्यानांत येत नाहीं.

जीं बुकें उघडीं आहेत त्यांतही शोधाची फी वर्षावर व नक्कलेची फी मजकुरावर आकारण्याची पद्धति घर विकत घेणाऱ्याच्या सोयीची आहे. त्यास एका मिळकतीचा गेल्या कांहीं वर्षांचा शोध हवा असतो. संशोधकास एका गांवाचीं पन्नास वर्षें हवीं असतात. त्याच दरानें त्याचा हिशेब केला तर त्याचें संशोधन पहिल्या गांवींच आटोपतें. शिवाय जुनीं बुकें बव्हंशीं हातानें उतरलेलीं व आपल्या प्रांतांत कित्येक मोडींत आहेत. दस्तांच्या छायाचित्रांची सोय मुंबई इलाख्यांत सन १९३० च्या दुरुस्तीनें कायद्यांत आली. मोडी वाचणारा कारकून आज कचेरींत विरळा, आणि सूची चुकली तर शोध घेणाऱ्याची फी फुकट जाते, दस्त कपाटांतच राहातो.

फी अजीबात नको असें आमचें म्हणणें नाहीं. बुकें राखावयाचीं, कपाटें दुरुस्त करावयाचीं, माणसें नेमावयाचीं, त्यास द्रव्य लागतें. महाराष्ट्रांत नोंदणीची फी सामान्यतः किमतीच्या शेंकडा १ व जास्तींत जास्त ३०,००० रुपये आहे; तींत जुनीं बुकें जपण्याचाही वाटा आहे असें मानण्यास हरकत नसावी. जुन्या नोंदी सरसकट उघड्या केल्यास खोट्या वारसांस व बनावट खतें करणाऱ्यांस हत्यार मिळेल, ही शंका अधिक वजनाची आहे. बनावट सनदांचा सुळसुळाट इनाम कमिशनच्या वेळीं झाला होता हें आम्ही जाणतों. पण बनावट कागद उघडकीस येतो तो खऱ्या नोंदींशीं ताडल्यानेंच. नोंद दाबून ठेविल्यानें लबाडास उलट आसरा मिळतो. बनावट करणारास एका मिळकतीपुरती फी जड नाहीं. जड आहे ती अभ्यासकास.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, नव्या कायद्याखालीं फीचें कोष्टक करतांना ता. ३१ डिसेंबर १९०८ पर्यंतचीं सर्व बुकें व सूच्या, चौथें बुक धरून, निराळ्या वर्गांत घालावीं. त्यांतील पक्षकारांपैकीं आज कोणी हयात नाहीं. तीं पुराभिलेख खात्याच्या स्वाधीन करावीं. तें न साधल्यास निदान जागच्या जागीं अभ्यासकांस शोधाची फी न घेतां पाहूं द्यावीं, व स्वतःच्या यंत्रानें छायाचित्र घेण्याची परवानगी द्यावी. न्यायालयीन कामासाठीं प्रमाणित नक्कल हवी असेल त्यानें नेहमींचा दर भरावा. दुसरें असें कीं, मालक न्यावयास न आलेले दस्त, मृत्युपत्रें खेरीज करून, दोन वर्षांनंतर नष्ट करतां येतात असें ८५ वें कलम आहे. त्याखालीं कचेऱ्यांतून काय काय गेलें याची आज गणती नाहीं. नष्ट करण्यापूर्वीं यादी प्रसिद्ध करावी व पुराभिलेख खात्यास निवडीचा हक्क द्यावा, एवढें तरी नव्या कायद्यांत यावें. फीचें कोष्टक जिल्ह्याच्या भाषेंत प्रत्येक कचेरींत लोकांस दिसेल असें लावावें असें ७९ वें कलम सांगतें. त्याच कोष्टकांत या सवलतीची ओळ छापली म्हणजे अभ्यासकास कारकुनाशीं हुज्जत घालण्याचें कारण उरणार नाहीं.

सरकारकडे हें मांडावयाचें तर हातांत कांहीं उदाहरणें असलीं पाहिजेत. तेव्हां वाचकांस विनंति कीं, आपल्या संग्रहांत गांव-रजिस्ट्रारच्या शेऱ्याचे दस्त किंवा नकला असल्यास त्यांवरील नोंदणीची तारीख, रजिस्ट्रारचें ठिकाण, बुकाचा व पानाचा आंकडा, आणि घेतलेली फी लिहिली असल्यास ती, एवढें उतरून या त्रैमासिकाकडे पाठवावें. पक्षकारांचीं नांवें पाठविण्याचें कारण नाहीं. बुकाचा आंकडा मिळाल्यास तें बुक आज कोणत्या कचेरींत आहे, किंवा आहे कीं नाहीं, याचा तपास करतां येईल. देशपांडे-दप्तरांतील तालिका ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं पाठीमागचे शेरेही सोबत उतरावे.